केसरबाग रोडवरच्या रात्रीच्या ‘पटाख्यां’विरुद्ध मदत हवी आहे

मंडळी, इंदूरमध्ये लोकमान्यनगरच्या बाजूला रात्री बारानंतर जाळी काढलेल्या सायलेन्सरच्या बाइक धावतात. चालत्या गाडीत किल-स्विच (इंजिन बंद करायचं बटण) बंद-चालू केला की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाऊन भडकतं, तोच तो गोळीसारखा आवाज. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाजासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, कलम १८९ रेसिंगचं. कायदा भरपूर आहे हो, अडतं ते नंबरावर.

कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड प्रकाशात नंबर प्लेट पांढरीफटक येते. शटर १/५०० सेकंद केलं तर प्लेट वाचता येईल, पण बाकी चित्र काळं. मग दोन कॅमेरे लावावेत का? कोणी लावलेत? किती उंचीवर, कोणत्या कोनात?

दुसरं, स्पीड ब्रेकर मागावा का? एकच असला तर त्यानंतर पुन्हा रेस देतात, आणि रम्बल स्ट्रिप्स (रस्त्यावरचे उंचवट्याचे पट्टे) स्वतःच खडखडतात. शिवाय दिवसा तपासणीला मूळ सायलेन्सर बसवून येतात. मध्य प्रदेशच्या सीएम हेल्पलाइनवर (१८१) तक्रार करताना काय जोडलं म्हणजे ती ‘निराकरण झाले’ म्हणून बंद होत नाही?