घायपाताच्या वाखाची ताणशक्ती : एकाच जुडीतील आकडे इतके का फाकतात?

प्रश्न – बांधावरचा विद्यार्थी, नाशिक

नमस्कार. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी सिन्नरकडील शेताच्या बांधावरच्या घायपाताचा वाख (पानांतील चिवट तंतू) काढून त्यातील एकेका तंतूची ताणशक्ती मोजत आहे. एकाच जुडीतील 20 तंतूंचे आकडे 210 पासून 560 मेगापास्कलपर्यंत फाकले आहेत. जाडी मायक्रोमीटरने मोजली व छेद गोल धरला. शिवाय मे महिन्यातील आकडे जुलैतील आकड्यांशी जुळत नाहीत. यंत्रातच दोष असावा, असे आमच्या सरांना वाटते. टोकाचे आकडे गाळावेत काय?

उत्तर – जुना प्रयोगशाळा सहायक

ताणशक्ती म्हणजे तोडणारे बल भागिले तंतूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ; म्हणून यंत्राला दोष देण्यापूर्वी क्षेत्रफळ तपासावे. वाखाचा तंतू गोल नसतो. त्याचा छेद बहुधा घोड्याच्या नालासारखा किंवा चपटा असून आत पोकळ्या असतात, आणि मायक्रोमीटरच्या दाबाने तो आणखी चेपतो. समजा, तंतू 8 न्यूटनला तुटला. व्यास 0.2 मिमी धरला तर ताणशक्ती सुमारे 255 मेगापास्कल येते. त्याच तंतूचे वजन मीटरला 30 मिलिग्रॅम, म्हणजे 30 टेक्स, भरले व घनता घन सेंटिमीटरला 1.45 ग्रॅम धरली, तर क्षेत्रफळ 0.0207 चौरस मिमी आणि ताणशक्ती सुमारे 386 मेगापास्कल होते. तंतू तोच, बलही तेच! म्हणून प्रत्येक तंतू तोडण्यापूर्वी लांबी मोजून संवेदनशील तराजूवर तोलावा. पानाच्या बुंध्याकडे तंतू जाड असतो, तेव्हा तुकडे मधल्या भागातूनच घ्यावेत.

उत्तर – सूतगिरणीतील निवृत्त

मे आणि जुलैचा फरक मला अपेक्षितच वाटतो, कारण तंतूतील सेल्युलोज हवेतील ओल शोषते आणि नाशिकचा कोरडा उन्हाळा व पावसाळा यांत तंतूचे वजन, लवचीकता, ताण सारेच बदलते. भारतीय मानकानुसार नमुने 27 अंश सेल्सिअस व 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेला स्थिरावू द्यावे लागतात. तशी खोली नसल्यास बंद डब्यात मिठाच्या संपृक्त द्रावणावर नमुने ठेवावेत. तेथे आर्द्रता सुमारे 75 टक्के राहते. ती प्रमाण आर्द्रता नव्हे, पण दोन्ही ऋतूंत सारखी राहील, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

तंतू कागदी चौकटीवर चिकटवून, यंत्राच्या जबड्यात, म्हणजे पकडीत, बसवल्यावरच चौकटीच्या कडा कापाव्यात. जबड्यापाशी तुटलेला नमुना गाळावा. बाकीचा एकही गाळू नये. लांब तुकड्यात कमजोर जागा सापडण्याची शक्यता अधिक असल्याने तो कमी बलाला तुटतो, त्यामुळे पकडीतील लांबी न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी ठरतो.

बांधावरचा विद्यार्थी

मनःपूर्वक आभार. शिल्लक तुकड्यांपैकी सहा तोलून पाहिले. फाकण कमी झाली, पण संपली नाही. मोजणी जबड्यातील 20 मिमी लांबीवर होती, हे मूळ प्रश्नात लिहायचे राहिले.

जुना प्रयोगशाळा सहायक

ती संपणारही नाही. पान निसर्गाने वाढवलेले आहे. आता 10 व 40 मिमीवरही प्रत्येकी किमान 20 तंतू तोडून सरासरीबरोबर प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांच्या फाकणीचे माप, द्यावे.