मालिशीच्या पाऊण तासापुरतंच बरं वाटतं

नवी_आई, दांडियाबाजार, बडोदा
सिझेरियनला आज 21 दिवस झाले. रोज साडेदहाला मालीशवाल्या मासी येतात. तिळाचं तेल कोमट करून पाय, पाठ, खांदे चोळून देतात. पोटाला हात लावत नाहीत, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. तेवढा पाऊण तास मी माणसात असते. काल कुशीवर निजले होते, तर पाठीवरून हात फिरवता फिरवता म्हणाल्या, "रडवुं आवे तो रडी ले, बेटा." उशीत तोंड खुपसून रडले. आंघोळ, ओव्या-बाळंतशेपांची धुरी झाली की परत तेच. बाळ झोपलं तरी मला झोप नाही. आळिवाची खीर बघून मळमळतं. आणि लिहायला लाज वाटते, पण बाळाला घ्यायलाच नको वाटतं. सासूबाई म्हणतात, बाळंतपणाचा वारा आहे, सव्वा महिन्यात जाईल. दिवसातून दोनदा मालीश करून घेऊ का?

कारेलीबागेतली काकू
अगं, माझ्या लेकीच्या वेळी मीही वाराच म्हणत बसले. चार महिने पोर भिंतीकडे तोंड करून पडलेली. दुसरी मालीश नको. मासी गेल्या की दोन तास बाळाला कुणीतरी बाहेर झोपाळ्यावर घेऊन बसा, तू दार लावून नीज.

फिजिओ_ताई
मालिशीने ताण हलका होतो, हे खरंच. मायामीच्या संशोधक टिफनी फील्ड यांनी 2004 मध्ये उदास गरोदर बायकांना जोडीदारांकडून आठवड्यातून दोनदा, 20-20 मिनिटं, 16 आठवडे मालीश करवली. मनही सावरलं, पाठही कमी दुखली. (आपल्याकडचे जोडीदार तेवढा वेळ मोबाइल खाली ठेवतील का, कोण जाणे.) पण बाळंतपणानंतरचं नेहमीचं रडू साधारण 2 आठवड्यांत ओसरतं. तुझे 3 झालेत. डॉक्टरांकडे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची एडिनबरोची 10 प्रश्नांची प्रश्नावली भर, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घे. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ती चोळू देऊ नकोस, तडक दवाखाना गाठ. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं तर क्षणभरही एकटी राहू नकोस, लगेच हॉस्पिटल. बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर 14416, रात्रीही लागतो.

नवी_आई
उद्या अकराची वेळ मिळालीय. सासूबाईंना टाके दाखवायचेत एवढंच सांगितलं. मासींना मात्र खरं ते सांगितलं. उद्या नऊलाच येते म्हणाल्या.