नोंदणीकृत करारानंतर फ्लॅट रद्द: कपात किती, परत काय मिळतं?

बाणेर_खरेदीदार
बाणेरला बांधकाम चालू असलेला फ्लॅट, किंमत ७२ लाख. करार चार महिन्यांपूर्वी नोंदवला. बिल्डरला २१.६० लाख पोचलेत, त्यातले ७.२० लाख बँकेचे. मुद्रांक ५.०४ लाख, नोंदणी ३० हजार, जीएसटी १.०८ लाख वेगळे. बिल्डरकडून उशीर नाही; बदलीमुळे रद्द करायचंय. तो म्हणतो १० टक्के कापणार, उरलेले फ्लॅट विकला गेला की देणार. हे चालतं का?

दस्तवाला
ताबा रखडला असता तर रेराच्या (घरबांधणी नियमन कायद्याच्या) कलम १८ खाली व्याजासकट पैसे मागता आले असते. स्वतःहून बाहेर पडताना ते कलम कामाचं नाही, करारातली रद्द करण्याची अट बघा. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) ॲलॉटमेंट लेटरच्या, म्हणजे बुकिंगनंतर मिळणाऱ्या वाटपपत्राच्या, नमुन्यातली जास्तीत जास्त २ टक्के कपात करारापूर्वीची; तुमचा करार झालाय, म्हणून तीही लागू नाही.

१० टक्के म्हणजे ७.२० लाख. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २० टक्के जप्तीची अट एकतर्फी ठरवून मूळ किमतीच्या १० टक्क्यांपर्यंतच कपात मान्य केली. त्याच्या वर मागितलं तर भांडा. खाली आणायचं तर घासाघीसच. तिथले दर चढले असतील तर ती जमते.

'विकला गेला की' मात्र अजिबात मान्य करू नका. तुमचा करार नोंदलेला आहे तोवर त्याला तो फ्लॅट दुसऱ्याला सरळ विकता येत नाही. रद्द दस्तावर सही केलीत की हा जोर संपला.

हिशेबनीस
मुद्रांक परत मिळतो, पण नुसत्या रद्द-पत्रावर नाही. रद्द दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. ताबा घेण्याआधी, करारापासून ५ वर्षांच्या आत रद्द आणि रद्द दस्ताच्या नोंदणीपासून ६ महिन्यांत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज. सोबत मूळ करार द्यावा लागतो, आणि घोडं इथेच पेंड खातं: तो बँकेत अडकलेला असतो आणि सहा महिने सरतात. नोंदणीचे ३० हजार गेले समजा.

जीएसटी आधी बिल्डरकडेच मागा. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत तो क्रेडिट नोट (बिल कमी केल्याची नोंद) काढू शकतो. ती मुदत गेली असेल तर पॅनवर तात्पुरती नोंदणी घेऊन आरएफडी-०१ हा परताव्याचा अर्ज स्वतः भरा. रद्द-पत्राच्या तारखेपासून २ वर्षं मिळतात. १ टक्का टीडीएस कापला असेल तर तो बिल्डरच्या पॅनवर जमा आहे, परताव्याच्या हिशेबात तो धरायला लावा.

बाणेर_खरेदीदार
मग पैसे आधी की रद्द दस्त आधी?

दस्तवाला
एकाच दिवशी, निबंधकाच्या कार्यालयात. त्याआधी बँकेकडून त्या तारखेपर्यंतच्या थकबाकीचं पत्र आणि रद्द करायला ना-हरकत घ्या. बिल्डरकडून दोन डीडी: एक बँकेच्या नावे, एक तुमच्या. दोन्हींचे क्रमांक, तारीख, रक्कम रद्द दस्तात लिहून घ्या. पुढच्या तारखेचे चेक नकोत. कर्ज फ्लोटिंग दराचं असेल तर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. बँकेचा डीडी त्याच दिवशी भरा आणि मूळ करार परत मिळण्याची तारीख लेखी मागा.

हिशेबनीस
करार जोडीने केला असेल तर रद्द दस्तावर दोघांच्याही सह्या लागतील. जोडीदार दुसऱ्या शहरात असेल तर कुलमुखत्यारपत्राची सोय आत्ताच बघा.