फायबरग्लास ट्रेलरला बाहेरून उघडणारी झडप: कापावी की कापू नये?

मुक्कामपोस्ट

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. तेरा ते सतरा फुटी फायबरग्लास ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढायचं, राहायची सोय असलेलं फिरतं घर) सगळ्यात मोठी साठवणीची जागा बाकांच्या आणि मागच्या पलंगाच्या खाली असते, आणि नेमकी तीच हाताला येत नाही. पाण्याचा पाइप हवा? गादी उचला, अंथरूण गुंडाळा, फळी काढा, डोकं आत घाला. काम झालं की तोच चिखलाने बरबटलेला पाइप पांघरुणांवरून परत आत. चाकं घसरू नयेत म्हणून लावायच्या उटी, जॅक, सांडपाण्याची नळी या वस्तूंनी मुळात उंबरा ओलांडायचंच कारण नाही.

माझं मत: बाकामागच्या भिंतीत साधारण ३० बाय ६० सेंटिमीटरची झडप, म्हणजे छोटं दार, बाहेरून बसवावी आणि मोकळं व्हावं. हा विषय काढला की "अखंड कवचाला भोक?" म्हणून लोक कानावर हात ठेवतात. अखंड कसलं? १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला रे ओलेको यांनी बोलर नावाचा फायबरग्लास ट्रेलर काढला, तोसुद्धा वरचं आणि खालचं अशी दोन टरफलं कंबरेला जोडूनच. शिवाय दार आहे, खिडक्या आहेत, फ्रिजच्या जाळ्या, छतातला झरोका, पाणी भरायचं तोंड, विजेचं तोंड. कारखान्याने भोक पाडलं तर ती रचना आणि आपण पाडलं तर पाप?

कवचकुंडल

पाप नाही, पण अज्ञान असू शकतं. कारखान्याने खिडकी कुठे पाडली ते नीट बघा: कंबरेच्या वर, सपाट भागात, चारही बाजूंना भरपूर अंतर सोडून. तुम्ही कापणार कुठे? खाली, चाकाच्या कमानीशेजारी, जिथे भिंत वळून जमिनीला मिळते.

या ट्रेलरला भिंतीत सांगाडा नसतो. जाडी म्हणाल तर बहुतेक जागी ३ ते ५ मिलिमीटर. सपाट धरला तर लवणारा कागद जरा वाकवला की ताठ उभा राहतो, तसा या कवचाचा ताठपणा वळणातून येतो. उरलेला आधार आतलं फर्निचर देतं: वरची कपाटं रिवेटांनी कवचाला धरलेली, कपडे ठेवायचं उभं कपाट छताला खांबासारखं, आणि बाक भिंतीला व जमिनीला काचेच्या धाग्यांच्या पट्ट्यांनी चिकटवलेले. म्हणजे बाक ही नुसती बसायची सोय नव्हे, तो भिंतीला आडवी जाऊ न देणारा टेकू आहे. त्या टेकूच्या मागेच ६० सेंटिमीटर भिंत काढून टाकायची आणि वर "मोकळं व्हायचं"?

दुसरं, पाणी. खिडकीवर पाऊस वरून पडतो. खालच्या झडपेवर चाकाचे फवारे खालून आणि बाजूने, वेगात येऊन आपटतात. आत गेलेलं पाणी बाकाखाली, अंधारात, प्लायवूडच्या जमिनीवर साचतं. फायबरग्लास कुजत नाही, जमीन कुजते. ती मऊ झाल्याचं तुम्हाला कळेपर्यंत चासीला धरणारे बोल्ट प्लायमधून सैल झालेले असतात.

अडगळीतला_शोध

अवांतर: ओलेको यांनी त्याआधी फायबरग्लासची सेप्टिक टाकी तयार केली होती. या घराण्याचा मूळपुरुषच साठवणीसाठी जन्मलेला, तेव्हा मुक्कामपोस्ट यांची बाजू परंपरेला धरून आहे. :)

मुक्कामपोस्ट

@कवचकुंडल, पाण्याचा मुद्दा मान्य, पण तो झडप बसवण्याच्या पद्धतीवर आहे, झडपेवर नाही. आणि चाकाच्या कमानीला चिकटून काप असं मी कुठे म्हटलं? बाकाच्या मधोमध, कमानीपासून हातभर लांब, भिंत वळायच्या आधी. राहता राहिला ताठपणा, तर भोकाभोवती चौकट बसवली की गेलेली ताकद परत येते.

राळकरी

"चौकट बसवली की" एवढ्या तीन शब्दांत सगळं काम आलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी कापावी या बाजूचा आहे, पण बाजारातली सपाट झडप आणून वळलेल्या भिंतीवर स्क्रूने आवळणाऱ्यांच्या बाजूचा नाही. तसं केलं की एक तर झडपेची चौकट पीळ खाते किंवा भिंत ओढली जाते. मग कोपऱ्यात जेलकोटला (कवचाच्या बाहेरच्या चकचकीत थराला) केसासारख्या रेघा पडतात आणि झडपही धड बंद होत नाही.

कापण्याआधी आत बघायचं. बाकाखाली पाण्याची टाकी असते, गॅसची नळी असते, वायर असतात, कधी हीटर. आतलं अस्तर सोलून कवच उघडं करायचं आणि पॉलिशपेपरने खरबरीत घासायचं, कारण जुन्या, सुकलेल्या थरावर नवी राळ (रेझिन) निव्वळ खरबरीतपणाच्या जिवावर धरते. मग कापायच्या रेषेच्या बाहेरून चार बोटं रुंद असा काचेच्या धाग्यांच्या चटईचा (मॅटचा), राळेत भिजवलेला पट्टा आतून दोन-तीन थर चढवायचा. ही तुमची खरी चौकट. ती भिंतीच्या वळणावरच सुकते, म्हणून वळण तसंच राहतं. आधी मजबुती, मग करवत. लोक उलटं करतात आणि कापल्यावर भिंत किंचित सरकलेली सापडते.

कापताना बाहेरून मास्किंग टेप, त्यावर रेघ. चारही कोपऱ्यांना होल सॉने गोल भोकं पाडायची आणि जिगसॉला कार्बाइडच्या कणांचं ब्लेड लावून ती जोडायची. काटकोनी कोपरा कधीच ठेवू नका, ताण तिथेच जमतो आणि तडा तिथूनच धावतो. काचेची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. साधा कापडी मास्क चालणार नाही, धुळीसाठीचा चांगला मास्क आणि चष्मा हवा.

कापलेला तुकडा टाकू नका! तोच तुमचा दरवाजा. रंग तोच, वळण तेच. त्याला आतून जाड करा, मेणाचे दोन-तीन हात द्या, मूळ जागी टेपने बसवा. आता आतल्या बाजूने भिंतीवर राळ आणि मॅट चढवत दोन सेंटिमीटर त्या मेण लावलेल्या तुकड्यावर येऊ द्या. सुकल्यावर तुकडा सुटतो आणि भिंतीला त्याच वळणाची ओठासारखी कड मिळते. रबरी गॅस्केट त्या कडेवर. गॅस्केटच्या जाडीइतकी फट धरायची असेल तर मेण लावण्याआधी तुकड्याच्या मागे तेवढ्या जाडीची पट्टी चिकटवून घ्या.

कापलेल्या उघड्या कडांना राळ पाजायला विसरू नका. जुन्या पॉलिएस्टर राळेच्या कवचावर इपॉक्सी राळ अधिक घट्ट धरते, पण वर पॉलिएस्टर जेलकोट द्यायचा असेल तर इपॉक्सीवर तो नीट धरत नाही. ते आधीच ठरवा. आणि बिजागरी-कुलपाखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी मऊ चिकट पट्टी. सिलिकॉन नको! एकदा लावलं की त्याचा अंश पृष्ठभागावरून जाता जात नाही आणि पुढे त्यावर ना रंग धरतो ना राळ.

पावसाळी_चप्पल

वाचनखूण साठवली. पण राळकरी, एवढं सगळं करण्यापेक्षा बाकाच्या पुढच्या फळीत, आतूनच, एक दार केलं तर? गादी उचलायला नको, कवचाला हात नको.

मुक्कामपोस्ट

चिखल आतच येणार ना मग.

पावसाळी_चप्पल

चिखलाच्या वस्तू ट्रेलरच्या दांड्यावर, पुढे, झाकणाच्या पेटीत ठेवा. बहुतेकांचा प्रश्न तिथेच संपतो.

सुकाणू

दांड्यावरची पेटी दांड्यावरचं वजन वाढवते, तेही सांगा. कपलिंगवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या जोडावर, येणारा भार उत्तर अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, युरोपात साधारण ५ ते ७. ओढणाऱ्या गाडीची स्वतःची मर्यादा वेगळी, आणि लहान गाड्यांना ती लवकर गाठते.

पण माझा मोठा आक्षेप मुक्कामपोस्ट यांच्यावरच आहे. तुम्ही सगळे भोकावर भांडताय, मला काळजी आहे त्यात काय जाईल याची. हाताशी जागा झाली की ती भरते. पलंगाखालची झडप म्हणजे आसाच्या मागे, ट्रेलरच्या शेपटाला. तिथे जॅक, अवजारं, जादा बॅटरी टाकली की कपलिंगवरचा भार कमी होतो आणि उतारावर, मोठ्या ट्रकच्या वाऱ्यात ट्रेलर डोलायला लागतो. गादी उचलायचा कंटाळा हा आजवर तुमचा रक्षक होता, तो तुम्ही काढून टाकताय. कापायचीच असेल तर आसाच्या आसपासच्या किंवा पुढच्या बाकाला कापा, मागच्या पलंगाला नको.

आणि गॅसचं सिलिंडर त्यात ठेवायचा विचारही नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तुमच्या झोपायच्या जागेखालीच साचेल.

मुक्कामपोस्ट

मागच्या पलंगाबद्दल तुमचं पटलं. बाकापुरताच विचार करतो.

कवचकुंडल

राळकरींनी लिहिलंय तसं कोणी केलं तर मी ताकदीचा मुद्दा मागे घेतो. पण किती जण तसं करतील? बहुतेक जण शेवटच्या परिच्छेदावरून सुरुवात करतील. पाण्याचा मुद्दा मात्र सोडत नाही. गॅस्केट आज नवं आहे. उन्हाने कडक झाल्यावर काय?

राळकरी

म्हणूनच गॅस्केटवर विसंबायचं नाही. झडपेमागे बाकाखालची मोकळी पोकळी ठेवूच नका. तिथे फायबरग्लासची बंद पेटी करून भोकाच्या कडेला चारही बाजूंनी राळेने जोडा, तळाला किंचित बाहेर उतार द्या आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून एक नळी जमिनीतून खाली काढा. पाणी आलं तरी पेटीत येईल आणि रस्त्यावर जाईल. कच्च्या रस्त्याची धूळ आणि झडपेतून येणारी थंडी पण पेटीतच थांबते. जागा थोडी जाते, जाऊ दे.

कवचकुंडल

हे आधी लिहायला हवं होतं. अशा पेटीला माझा विरोध नाही. पेटीशिवायच्या झडपेला आहे, आणि राहील.

कुलूपबंद

कुलपाबद्दल कोणी बोललंच नाही. तयार झडपांना येणाऱ्या कितीतरी कुलपांची किल्ली एकच असते, सीएच७५१. शेजारच्या ट्रेलरवाल्याच्या खिशातली किल्ली तुमच्या झडपेलाही चालेल. पेटी बंद असेल तर चोर निदान घरात तरी शिरत नाही, पण कुलूप वेगळ्या किल्लीचं बदलून घ्याच.

झाकपाक

माझा ट्रेलर दुहेरी कवचाचा आहे, यू-हॉल या अमेरिकी भाड्याने ट्रेलर देणाऱ्या कंपनीच्या जुन्या सीटी-१३ ट्रेलरसारखा. आत एक, बाहेर एक, मध्ये पोकळी. राळकरी, हीच पद्धत चालेल?

राळकरी

जशीच्या तशी नाही. दोन्ही कवचं एकाच रेषेत कापावी लागतील आणि कापल्यावर मधली फट पूर्ण बंद करावी लागेल, नाहीतर पाणी पोकळीत उतरून कुठे निघेल याचा पत्ता लागणार नाही. आधी आतून एक बारीक भोक पाडून वाकवलेल्या तारेने पोकळीची खोली चार-पाच ठिकाणी मोजा. सगळीकडे सारखी नसते. आकडे आले की इथे टाका, पट्टी किती जाडीची लागेल ते मग सांगतो.