प्रतिसाद: ‘लोकहित’ हे कारण पुरेसं नाही

वर एकांनी लिहिलंय की लोकहितासाठी सरकार कुठल्याही बोलण्यावर बंदी घालू शकतं. नाही घालू शकत. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची कारणं मोजून दिली आहेत: देशाची सार्वभौमता, सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी, अपराधाला चिथावणी. ‘लोकहित’ त्यात नाही. आपल्या ‘सकाळ’च्याच खटल्यात १९६१ साली हे ठरलं. पानांच्या संख्येनुसार वर्तमानपत्राची किंमत बांधून द्यायचा कायदा होता. लहान पत्रांना वाचवतोय, असं सरकार म्हणत होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. धंद्यावर लोकहितासाठी निर्बंध चालतात, भाषणावर नाही.

आम्हा ठाणेकरांना तर हे जवळचं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली. पालघर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. एकीनं मुंबई बंद पडल्यावर लिहिलं, दुसरीनं नुसतं लाइक केलं! त्यानंतर श्रेया सिंघल यांची याचिका झाली आणि मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ पूर्ण रद्द झालं. कुणाला ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ होणं म्हणजे गुन्हा, इतकं ते ढगळ होतं. चर्चा करणं, एखादं मत हिरिरीनं मांडणं आणि चिथावणी देणं यांतला फरक न्यायालयानं तिथे स्पष्ट केला. माझ्या मते त्या निकालातला सगळ्यात मोलाचा भाग तोच.

सोसायटीच्या ग्रुपमधून काढलं, तर मात्र हा अनुच्छेद लागत नाही. ती सरकारी कारवाई नव्हे.