जुन्या दगडी घरात माडीवर नेट: पॉवरलाईन अडॅप्टर घ्यावा का?

शहापूरची_माडी:
घर बेळगावात शहापूरला, जुनं. भिंती दोन फुटी. फायबरचा राउटर खाली सोप्यात, कामाची खोली मागच्या माडीवर. प्लॅन १०० एमबीपीएसचा. राउटरजवळ ९५ मिळतात, माडीवर वायफाय ८-१०. घरातून वायर ओढायला घरचे तयार नाहीत. लाईटच्या वायरीतून नेट नेणारे पॉवरलाईन अडॅप्टर चालतील का? मीटर थ्री फेज आहे, इन्व्हर्टरही आहे.

डीबीवाला:
चालतील, पण आधी फेज बघा. सोप्यातला सॉकेट एका फेजवर आणि माडीचा दुसऱ्यावर असला तर सिग्नल पोचतो कसाबसा, वेग मात्र पार घसरतो. इलेक्ट्रिशियनकडून डीबीत (मीटरनंतरच्या एमसीबीच्या पेटीत) दोन्ही सर्किट एकाच फेजवर घ्या. माडीवर एसी-गिझर असेल तर लोड वाटून बघायला सांगा.

खोक्यावरच्या ‘६००’ला भुलू नका, तो कागदी वेग. त्यातल्या बऱ्याच मॉडेलांचा इथरनेट पोर्ट (नेटची वायर लावायची जागा) १०० एमबीपीएसचाच असतो, म्हणजे ९५ च्या वर काही येणार नाही. पुढं प्लॅन वाढवायचा असेल तर गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्टचाच घ्या.

जोडी लावताना दोन्ही एकाच खोलीत लावा. एकाचं पेअर बटण दाबा, दोन मिनिटांत दुसऱ्याचं. दिवे स्थिर झाले की एक उचलून माडीवर न्या. जोडी मोडत नाही.

खानापूर_रोड:
फेज जुळूनही वेग नाही, तर बहुतेक वेळा दोष एक्स्टेन्शन बोर्डाचा. हे अडॅप्टर २ मेगाहर्ट्झच्या वर बोलतात आणि स्पाईक गार्डमधला फिल्टर नेमकं तेच गाळतो. थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा की! मग स्वस्त चार्जर, एलईडी बल्ब, पंख्याचा रेग्युलेटर एकेक बंद करून स्पीड बघा, चोर सापडतो.

राउटर इन्व्हर्टरच्या लाईनवर आणि माडीचा सॉकेट मेनवर असेल तर लाईट गेली की माडीचा अडॅप्टर बंद. दोन्ही इन्व्हर्टरच्याच लाईनवर घ्या. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असला तर लाईट नसताना वेग घसरणार, हे धरूनच चाला.

आणि दोन पिनी कन्व्हर्टर लावू नका. नवे मॉडेल अर्थिंगची तिसरी वायरही सिग्नलला वापरतात, ती तिथंच तुटते.

कॅट_सिक्स:
घरातून वायर ओढायची नाही म्हणता, पण बाहेरून पाईप नेता येतो की. २५ मीटर कॅट ६ (नेटची वायर), शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त वायर घेऊ नका. बाहेरच्या बाजूला पीव्हीसी पाईप, माडीच्या खिडकीच्या चौकटीतून आत. भोक पाडलंच तर बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, नाहीतर आपल्याकडच्या पावसात पाणी वायरीवरून थेट खोलीत येतं. लाईटच्या पाईपातून नेऊ नका. या वायरीला फेज, इन्व्हर्टर, मिक्सर कशाचंच सोयरसुतक नाही. माझं मत याच्याच बाजूनं.

डीबीवाला:
पटतं. तरी अडॅप्टरच घेणार असाल तर परत करायची मुदत असलेल्या दुकानातून घ्या. आणि वाड्यात भाडेकरू असतील तर पेअर बटणानं जोडी लावाच; सिग्नल मीटरपाशी थांबेलच असं नाही आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड बऱ्याच अडॅप्टरांना एकच असतो, तो जोडी लावली की बदलतो.