सिंथेटिक घातल्यावरही १०,००० किलोमीटरलाच इंजिन ऑइल बदलायचं? मला पटत नाही

टिळकवाडीकर
मंडळी, माझी १.२ लिटरची पेट्रोल गाडी आहे. कामासाठी दर आठवड्याला बेळगाव-पुणे-बेळगाव, म्हणजे सातशेच्या आसपास किलोमीटर, जवळजवळ सगळे हायवेचे. फुल सिंथेटिक, म्हणजे रसायनांपासून बनवलेलं ऑइल घालतो. परवा १०,००० झाले म्हणून गॅरेजला गेलो. मिस्त्रींनी ऑइल मोजायची पट्टी काढली, दोन बोटांत ऑइल चोळलं आणि म्हणाले, "काळं झालंय, काढूया." मी थांबवलं.

काळं झालं म्हणजे संपलं असं नसतं. घाण धरून ठेवणं हेच ऑइलमधल्या डिटर्जंटचं काम, ते केलं म्हणून ते काळं दिसतं. आणि ही पाच-दहा हजारांची सवय पडली तेव्हा ऑइल मिनरल, म्हणजे साधं खनिज तेल होतं, इंधनात गंधक जास्त होतं. गंधक जळून आम्ल होतं आणि ते मारण्यात ऑइलमधला अल्कलीचा साठा खर्च होतो. बीएस-४ या सरकारी प्रदूषण मानकाच्या इंधनात गंधकाची हद्द ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग) होती, एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती १० झाली. ऑइल सुधारलं, इंधन सुधारलं, मग आकडा तोच कशाला? युरोपात फोक्सवॅगनच्या लाँगलाइफ सर्व्हिसमध्ये ३०,००० किमी किंवा दोन वर्षांपर्यंत एकच ऑइल चालतं. मी त्याच्या निम्मं मागतोय.

उद्यमबागचा मिस्त्री
साहेब, काळेपणाचं तुमचं बरोबर आहे. डिझेल गाडीचं ऑइल तर पाचशे किलोमीटरमध्ये काजळीसारखं होतंय. खरं युरोपचा आकडा इथं लावू नका. तिथं ३०,००० ही वरची हद्द आहे. गाडीचा कॉम्प्युटर कशी चालवलीय, ऑइल किती तापलंय ते बघून आधीच सर्व्हिस मागतो, आणि ऑइलही त्याच मान्यतेचं लागतं. तुमच्या गाडीत ती यंत्रणा आहे का?

दुसरं, डब्यावर 'फुल सिंथेटिक' लिहिलंय म्हणून आत काय आहे ते कळत नाही. १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या ऑइल कंपन्यांचा यावरच वाद झाला. खनिज तेलच भारी दाबाखाली हायड्रोजनने शुद्ध केलं तर त्याला सिंथेटिक म्हणायचं का, हा प्रश्न होता. जाहिरातींवर देखरेख करणाऱ्या संस्थेने 'म्हणता येईल' असा निकाल दिला. जर्मनीत तसं ऑइल पूर्ण सिंथेटिक म्हणून विकता येत नाही. ते ऑइल वाईट असतं असं मी म्हणत नाही, चांगलं असतं. खरं डब्यावरच्या एका शब्दावर पाच हजार किलोमीटर वाढवायचे नसतात.

आणि धूळ. ऊस तोडणीच्या दिवसांत चिकोडी, हुक्केरी, संकेश्वरकडून येणाऱ्या गाड्यांचा एअर फिल्टर मी उघडतो तेव्हा घड्याघड्यांत भुकटी भरलेली असते. ती थोडी जरी आत गेली तरी ऑइलमध्ये वाळूच. मूळ तेल कितीही भारी असू दे, वाळू विरघळत नाही. ऑइल फिल्टर चोंदला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळता इंजिनात फिरतं.

खानापूरचा शेतकरी
दोघंही किलोमीटर धरून भांडताय. आमच्या ट्रॅक्टरचं ऑइल कोणी किलोमीटरवर बदलतं का? तासांवर बदलतात, बऱ्याच ट्रॅक्टरला २५० तास. गाडीला तोच हिशोब लावा. टिळकवाडीकर हायवेला सरासरी ६० ने जात असतील तर १५,००० किमी म्हणजे २५० तास. माझा भाचा शहापुरातल्या गल्ल्यांत सरासरी २० ने फिरतो, त्याचे ५,००० लाच २५० तास भरतात. १०,००० पर्यंत थांबला तर ५००. मीटरवर आकडा कमी, इंजिन राबलंय मात्र दुप्पट. म्हणून मला टिळकवाडीकरांचं म्हणणं पटतं, आणि तेच म्हणणं माझ्या भाच्याला घातक वाटतं.

टिळकवाडीकर
हेच तर मला म्हणायचं होतं! सगळ्यांना एकच आकडा हा अन्याय आहे.

उद्यमबागचा मिस्त्री
तासांचा हिशोब चांगला आहे, खरं अर्धाच. थंड इंजिन किती वेळा सुरू झालं ते तासांत येत नाही. चार किलोमीटर जाऊन बंद केलेल्या गाडीचं ऑइल नीट तापतच नाही, त्यातली वाफ आणि पेट्रोल उडून जात नाही. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडच्या कमी वापराच्या गाड्यांचं ऑइलचं झाकण फिरवून बघा. आतल्या बाजूला दह्याच्या सायीसारखा पिवळट-पांढरा थर असतो. असं बोटाला चिकटणारं ऑइल टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या पंख्याच्या, बारीक वाटेतून काय जाणार?

निपाणीकर
माझी बीएस-६ डिझेल आहे, डीपीएफवाली, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली. यात वेगळाच घोळ. फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी जादा डिझेल सोडते. गावातल्या गावात फिरलं की ते जळणं अर्धवट राहतं आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. माझी पट्टी खालच्या खुणेला न येता वरच्या खुणेच्याही वर गेली होती. मी खूश होतो, ऑइल अजिबात खात नाही म्हणून! ते ऑइल पातळ झालं होतं. अशा गाडीला जळल्यावर कमी राख सोडणारं, पुस्तकात लिहिलेल्या मान्यतेचंच ऑइल हवं, आणि मुदत वाढवणं तर डोक्यातून काढून टाका.

माझ्या भावाची याच्या उलट गत झाली. जुनी टर्बो डिझेल, सिंथेटिक घातलंय म्हणून २०,००० पर्यंत कोणी बॉनेट उघडलं नाही. इंजिन थोडं थोडं ऑइल खात होतं. तवंदी घाट चढताना ऑइलचा दिवा लागला आणि शिट्टीसारखा आवाज आला. पट्टी पुसून बघितली तर टोकालाही ऑइल नाही. टर्बो गेला. ऑइल चांगलंच होतं हो, पण होतं कुठं?

टिळकवाडीकर
वाईट वाटलं वाचून. पण हा दोष मुदतीचा नाही, पट्टी न बघण्याचा आहे. मी दर दुसऱ्या रविवारी बघतो, सकाळी, गाडी सपाट जागेवर. आणि विनाकारण बदललेल्या ऑइलचंही बोलू. दर वेळी तीन-साडेतीन लिटर काळं ऑइल निघतं. ते सेंट्रिंगच्या फळ्यांना फासलं जातं, उरलेलं नाल्यात. निम्म्या मुदतीत बदललं तर दुप्पट घाण.

मिस्त्री, तुमची धूळ मान्य. म्हणून अंदाजावर नको. आमच्या कारखान्यात हायड्रॉलिक ऑइलचा नमुना लॅबला जातो. त्याबरोबर गाडीचाही पाठवतो. ११,००० वर काढतो आणि आकडे इथे टाकतो. वॉरंटी संपलीय, त्यामुळे ती अडचण नाही.

उद्यमबागचा मिस्त्री
हे पटलं. नमुना गरम इंजिनाचा घ्या, आणि खालचा नट उघडल्याबरोबरचा नको. आधी थोडं जाऊ द्या, मधल्या धारेचा घ्या, बाटली कोरडी ठक्क असू दे. सिलिकॉन, म्हणजे धुळीची खूण, जास्त आलं तर ऑइलला दोष देण्याआधी एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप नीट बसलीय का बघा. येताना फिल्टर घेऊन या, मी इथं कापून दाखवतो. लॅब काय म्हणते ते बघूच, खरं त्या घड्यांत काय अडकलंय ते तुम्ही डोळ्यांनी बघा.